ढब्बूची उलटी आणि माझं तोंड

काही आवाज माणसाला गाढ झोपेतही ऐकू येतात. गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागल्याचा आवाज. रात्री अडीच वाजता वाजलेला फोन. आणि आमच्या घरात गेली काही वर्षं तिसरा एक आवाज... "हुक्... हुक्... हुक्..."

ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. जेमतेम दहा-पंधरा सेकंद मिळतात. तेवढ्यात अंथरुणातून उठायचं, चष्मा शोधायचा, जुना पेपर शोधायचा आणि धावायचं. पेपर घेऊन पोचेपर्यंत काम झालेलं असतं. आणि ते नेमकं फरशी सोडून सतरंजीवरच का होतं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आजचा विषय हा असा आहे. जेवत जेवत ब्लॉग वाचणाऱ्यांनी (मला माहीत आहेत तुम्ही कोण कोण आहात ते) हे पान जेवण झाल्यावर वाचावं.

ढब्बू म्हणजे आमचा कुत्रा. "कुठली जात हो?" असं विचारणाऱ्यांना आम्ही "अस्सल कोथरूड" असं सांगतो. २०१४ च्या पावसाळ्यात शेजारच्या बांधकामावर, वाळूच्या ढिगामागे भिजत बसलेला सापडला. तेव्हा अंगापेक्षा पोटच मोठं होतं, म्हणून लेकीने नाव ठेवलं ढब्बू. आता पोट गेलं, नाव राहिलं.

त्याला शी-शूची शिस्त लावली ती माझ्या बाबांनी. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच असतात. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते, त्यामुळे वेळापत्रक म्हणजे त्यांचा प्राण. दर दोन तासांनी ढब्बू खाली. झोपून उठला की खाली, जेवला की खाली, खेळून दमला की खाली. खाली जाऊन काम केलं की "शाब्बास" आणि बिस्किटाचा तुकडा. घरात केलं तर काही न बोलता पुसून टाकायचं. सात महिन्यांचा होईपर्यंत गडी तयार झाला. त्यानंतर पाच वर्षांत एकदाही त्याने घरात घाण केली नाही. पोट बिघडलं तरी रात्री दोनला येऊन बाबांच्या पायाला नाक लावायचा. आल्या-गेल्याला हे सांगताना माझा चेहरा मुलगा बोर्डात आल्यासारखा होत असे.

तर ही पार्श्वभूमी. आता मूळ गोष्ट.

२०१९ ची अक्षय्य तृतीया. घरात आमरस. ज्यांनी हाताने रस काढलाय त्यांना माहीत आहे, शेवटी ओट्याखालच्या बादलीत सालं आणि कोयांचा डोंगर होतो. त्या डोंगरातली एक कोय कमी झाली तर कुणाला कळणार? कोया काय कुणी मोजून ठेवतं?

त्यानंतर दोन दिवसांनी नणंदेच्या सासरची मंडळी पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होती. सकाळपासून माझी धावपळ. हॉलमध्ये नवी सोलापुरी सतरंजी अंथरली होती, घडीचा वास अजून न गेलेली. अकराच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात कटाच्या आमटीला फोडणी देत होते आणि बाहेरून आवाज आला, "हुक्... हुक्..."

मी येईपर्यंत व्हायचं ते झालं होतं. सतरंजीच्या बरोब्बर मध्यभागी.

मी काय केलं ते लिहिताना आज लाज वाटते, पण लिहिते. मी ओरडले. नुसती ओरडले नाही, किंचाळले. "शी! ढब्बू! काय केलंस हे? एवढा घोडा झालास, कळत नाही?" हातात पेपरची गुंडाळी होती ती जमिनीवर दोनदा आपटली. ढब्बूचे कान मागे गेले, शेपूट पोटाखाली गेलं, नजर जमिनीला लागली, आणि तो सरपटत दिवाणाखाली गेला.

बाबा पेपरमागून म्हणाले, "ओरडू नकोस गं. त्याने काय मुद्दाम केलं?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही त्याची बाजू घेऊ नका. बघा ना कसा चोरासारखा पळाला. चूक कळते त्याला बरोबर."

मग सतरंजी उचलली, बादली, साबण, फिनेल, उदबत्ती. वीस मिनिटांत सगळं लख्ख. मंडळी आली, जेवली, "घर किती छान ठेवलंय" असंही म्हणाली. (नणंदबाई, तुम्ही हे वाचत असाल तर आता कळलं ना, त्या दिवशी तीन उदबत्त्या का होत्या?)

या सगळ्यात मी एक गोष्ट केली नाही. त्या उलटीत काय होतं ते बघितलं नाही. आणि ज्याला ती झाली त्याच्याकडेही बघितलं नाही.

पुढचे दोन दिवस घर स्वच्छ. उलटी नाही, काही नाही. मी मनात म्हटलं, बघा, ओरडल्याचा उपयोग झाला. ढब्बू थोडा मलूल होता, अर्धं जेवण टाकत होता. पण मे महिन्याच्या पुण्यात आम्हीही मलूलच होतो आणि जेवण आम्हीही टाकत होतो. "उन्हाळा बाधलाय" म्हणून त्याला ताक दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, "जरा इकडे ये गं." आवाज नेहमीचा नव्हता.

त्यांना मुंग्यांची रांग दिसली होती. रांगेच्या मागे मागे ते वॉशिंग मशीनपर्यंत गेले होते. मशीन आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट आहे. तिथे तीन डाग होते. दोन वाळून गेलेले, एक ओला, पिवळट. आणि त्याच्या पलीकडे, जुन्या कुंड्यांच्या मागे, ढब्बू अंगाचं मुटकुळं करून पडलेला. मला बघून त्याने शेपूट हलवलं नाही. मान खाली घातली.

उलट्या थांबल्याच नव्हत्या. फक्त त्या माझ्यासमोर होत नव्हत्या.

पुढचं थोडक्यात सांगते. डॉक्टरांनी पोट चाचपलं, हिरड्या बघितल्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती झटकन खाली बसायला हवी, ती हळूहळू बसली. म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. एक्स-रेमध्ये नीट काही कळेना, कारण कोय ही हाडासारखी किंवा खिळ्यासारखी पांढरीशुभ्र उठून दिसत नाही. सोनोग्राफीत मात्र दिसली. छोट्या आतड्यात अडकून बसलेली आंब्याची कोय. तिच्या दाबाने तिथल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला होता. त्याच दिवशी ऑपरेशन केलं आणि आतड्याचा चार इंचाचा तुकडा काढून दोन टोकं जोडावी लागली.

मी डॉक्टरांना विचारलं, "पहिल्या उलटीलाच आणला असता तर?" ते चांगले गृहस्थ आहेत, "आता ते सोडा" म्हणाले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, "कदाचित कोय पोटातच असती. पोट उघडून वस्तू काढणं हे आतडं कापून जोडण्यापेक्षा सोपं. पण ते तेव्हाही आपल्याला नक्की कळलं असतं असं नाही." मग हेही म्हणाले, की आजारी कुत्रं तसंही कोपरा शोधतं, सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका.

मी तो दिलासा घेतला. पण अर्धाच. कारण आजारी पडल्यावर ढब्बू याआधी कधीही कोपऱ्यात गेला नव्हता. तो बाबांच्या पायाशी यायचा.

ऑपरेशन चालू असताना आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "तुला कुंभार्ली घाट आठवतो का गं?"

न आठवायला काय झालं! माझं अर्धं बालपण कराड–चिपळूण गाडीत उलट्या करण्यात गेलंय. पाटण गेलं, कोयनानगर गेलं, की माझ्या तोंडाला पाणी सुटायला लागायचं. आई आवळासुपारी द्यायची, लिंबू हुंगायला द्यायची. कशाचाही उपयोग व्हायचा नाही. मग आई एका हाताने खिडकीची काच सरकवायची आणि दुसऱ्या हाताने माझं कपाळ धरायची. उलटीचं मला आज काही आठवत नाही, पण कपाळावरचा तो गार, बांगड्यांचा हात आठवतो.

बाबा म्हणाले, "मी नोकरीला नवा होतो तेव्हाची गोष्ट. चिपळूणला जाताना एका पोराने गाडीत उलटी केली. सात-आठ वर्षांचं असेल. गाडी खचाखच. लोक ओरडायला लागले, मीही ओरडलो. आईला म्हटलं, पोराला सांभाळता येत नाही तर गाडीत कशाला आणता? त्या पोराने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. दोन दिवसांनी परतीच्या गाडीला नेमकी तीच बाई आणि तेच पोरगं. घाट चढताना मी सहज मागे बघितलं तर पोराने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलेलं, वरून आईने पदराचा बोळा लावलेला. तोंड पांढरंफटक. बहुतेक आलेलं परत गिळत होता. घाटमाथ्यावर पोचायच्या आत पोराची शुद्ध हरपली. बेल मारून गाडी थांबवली, खाली उतरवला, वारा घातला, पाणी मारलं. आला शुद्धीवर. मी त्या बाईला म्हटलं, अहो, सांगायचं नाही का? एक बेल मारली की गाडी थांबते. तर ती म्हणाली, साहेब, तुम्ही ओरडाल म्हणून नाही सांगितलं."

बाबा थांबले. मग म्हणाले, "तेव्हापासून कुणालाही बोललो नाही. उलटी झालेला माणूस आधी काय बघतो सांग? झालेल्या उलटीकडे नाही बघत. समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. तिथे काय दिसेल त्यावर तो ठरवतो, पुढच्या वेळी सांगायचं की लपवायचं."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतंच काय?

ढब्बू वाचला. टाके निघाले, आठ-दहा दिवस गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं घालून दारांवर आपटत फिरला, आणि पूर्ववत झाला. पण मला मधल्या काळात वाचनाचं वेड लागलं. अपराधी माणसाला वाचनासारखा आधार नाही.

पहिली गोष्ट मला कळली ती इतकी साधी की माझं मलाच हसू आलं. शी-शूची शिस्त लावता येते, कारण तिथले स्नायू थोडा वेळ आवळून धरता येतात. पिल्लू ते धरायला शिकतं. उलटीचं तसं नाही. मेंदूच्या अगदी तळाशी, जिथून श्वास आणि हृदयाचे ठोके चालतात त्या भागातून उलटीचा हुकूम सुटतो. एकदा सुटला की पोटाचे स्नायू ऐकत नाहीत, मालक नवीन सतरंजी घालो की जुनी. म्हणजे "एवढा शिकवलेला असून घरात केलं" हे वाक्यच मुळात चूक. शिकवलेलं त्याने काही मोडलेलं नसतं. ते त्या शिकवणीत कधी नव्हतंच.

दुसरी गोष्ट "चूक कळते त्याला" या माझ्या वाक्याबद्दलची. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमध्ये अलेक्झांड्रा हॉरोवित्झ नावाच्या बाई कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करतात. २००९ साली त्यांनी १४ पाळीव कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने खाऊ दाखवून "खायचा नाही" असं सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर मालकाला सांगायचं, तुमच्या कुत्र्याने खाल्ला किंवा नाही खाल्ला. यातली मेख अशी की ते सांगणं काही वेळा खोटं असायचं. म्हणजे न खाल्लेल्या कुत्र्यालाही बोलणी बसायची. निघालं असं, की तो मान खाली घातलेला, कान पाडलेला "अपराधी" चेहरा खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. आणि ज्यांनी काही केलेलं नसताना बोलणी खाल्ली, त्यांच्यात तो जास्त ठळक दिसला.

हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि ढब्बूकडे बघितलं. दिवाणाखाली सरपटत गेलेला तो चोर नव्हताच. पोटात कळ येत असताना आपलं माणूस अचानक का पिसाळलं, हे न कळून घाबरलेला एक जीव होता.

तर आता आमच्या घरात काय करतात ते सांगते. हे मी डॉक्टरांकडून आणि ठेचा खाऊन शिकलेलं आहे. तुमच्या डॉक्टरांच्या जागी मला बसवू नका.

"हुक् हुक्" सुरू झालं की त्याला ओढत बाहेर न्यायचं नाही, ओरडायचं नाही. जमलं तर पेपर सरकवायचा, नाही जमलं तर राहू दे. बाजूला बसायचं. उलटी होऊ द्यायची. तोंडात हात घालायचा नाही. झाल्यावर पुष्कळदा कुत्रं तीच उलटी पुन्हा खायला जातं. आपल्याला किळस येते, पण त्यांच्यात ते नैसर्गिक आहे. लांडग्यांच्या माद्या पिल्लांना असंच खाणं काढून देतात. शांतपणे त्याला दुसऱ्या खोलीत न्यायचं, बस्स.

मग पुसायच्या आधी बघायचं. नीट, डोळे उघडे ठेवून. फोटो काढायचा. (माझ्या फोनमध्ये लेकीच्या वाढदिवसाच्या फोटोंच्या मधोमध ढब्बूच्या उलट्या आहेत. गॅलरी दाखवताना सांभाळावं लागतं.) सकाळी उपाशीपोटी पिवळा फेस असेल तर बहुतेक पित्त. न पचलेलं अन्न पोटाला पीळ न पडता नुसतं तोंडातून घरंगळलं असेल तर ते उलटीपेक्षा वेगळं, ते अन्ननलिकेतून परत आलेलं असू शकतं आणि डॉक्टरांना हा फरक महत्त्वाचा असतो. रक्त, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही, म्हणजे लगेच दवाखाना. प्लास्टिक, दोरा, कापड, कोय किंवा मक्याच्या कणसाचा तुकडा दिसला तर तो पिशवीत घालून सोबत न्यायचा.

त्यानंतर त्याच्याकडे बघायचं. एकदाच उलटी झाली, नंतर शेपूट हलवत पूर्वीसारखा हिंडतोय, तर घाबरायचं कारण नाही. पाणी थोडं थोडं द्यायचं, भांडंभर एकदम नाही, नाहीतर तेही बाहेर येतं. काही तासांनी मऊ भात आणि मीठ, कांदा, लसूण काही न घातलेलं उकडलेलं चिकन, थोडं थोडं. पण पुन्हा पुन्हा उलटी होतेय, पाणीही टिकत नाहीये, अंग टाकलंय, हिरड्या पांढुरक्या किंवा चिकट लागतायत, तर उद्याची वाट बघायची नाही. पोट फुगलंय आणि हुक् हुक् करूनही काहीच बाहेर येत नाही, विशेषतः ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डसारखा मोठ्या छातीचा कुत्रा असेल, तर मिनिटांचा प्रश्न असतो. लस पूर्ण न झालेलं पिल्लू उलट्या-जुलाब करत असेल तर त्याच तासाला निघायचं. उंदराचं औषध, द्राक्षं-बेदाणे, चॉकलेट असं काही खाल्ल्याची शंका असली तरी तेच. आणि आपल्या डब्यातल्या गोळ्या विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन आपल्याला साध्या वाटतात, पण कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

पुसणं सगळ्यात शेवटी. पेपरने किंवा जाड पुठ्ठ्याने उचलून घ्यायचं, चोळायचं नाही, नाहीतर सतरंजीत आत जातं. ओल्या जागी खाण्याचा सोडा भुरभुरून ठेवायचा, वाळला की झटकायचा, मग साबणाचं पाणी. फिनेल वापरलंच तर साध्या पाण्याने पुन्हा पुसून, वाळेपर्यंत त्याला तिथे फिरकू द्यायचं नाही, कारण तो फरशी चाटतो.

माझा क्रम त्या दिवशी अगदी उलटा होता. आधी ओरडणं, मग पुसणं, बघणं राहूनच गेलं.

इथे लेख संपवणार होते. पण अजून एक गोष्ट आहे. बाबांना विचारून लिहिते आहे. त्यांनी वाचून एक वाक्य खोडलं आणि बाकी पास केलं.

मागच्या वर्षी बाबांची साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची गोळी सुरू केली. दोनेक आठवडे गेले. माझ्या लक्षात यायला लागलं की पहाटे बाथरूममध्ये पाण्याचा नळ फार वेळ चालू असतो. टॉवेल रोज धुतलेला. बाबा जेवताना पानात वाढलेलं हळूच ढब्बूकडे सरकवतात. विचारलं तर "काही नाही, भूक नाही." एका पहाटे मी दाराशी जाऊन उभी राहिले आणि आतून आवाज आला. तो आवाज माणसाचा असो की कुत्र्याचा, ओळखू येतो.

दार उघडलं. बाबा बेसिन धूत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

अगदी तसंच. आधी माझ्या तोंडाकडे.

मी विचारलं, "किती दिवस चाललंय हे?" ते म्हणाले, "बारा-तेरा दिवस असतील. त्या दिवशी कोपऱ्यावर भजी खाल्ली होती. मला वाटलं त्यानेच होतंय. तू ओरडशील म्हणून नाही सांगितलं."

ज्या माणसाने मला कुंभार्ली घाटातली गोष्ट सांगितली, तोच माणूस माझ्यापासून उलटी लपवत होता. आणि खोटं कशाला बोलू, भजीबद्दल मी त्यांना आधी खरंच ओरडले होते. दोन-चारदा, चांगली जोरात. त्यांच्या काळजीपोटीच. ढब्बूवर ओरडले तेव्हा निदान काळजीचं निमित्त तरी नव्हतं.

मी काही बोलले नाही. त्यांचं कपाळ धरलं. माझ्या हातात बांगड्या नसतात, पण हात गार होता एवढं खरं.

डॉक्टर म्हणाले, या गोळीने सुरुवातीला पुष्कळांना असं होतं. मात्रा कमी केली, जेवणाबरोबर घ्यायला सांगितली, आणि आठवड्यात थांबलं. भजीचा काही संबंध नव्हता! बाबा हे वाक्य आता घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात.

तेव्हापासून मी माझ्या तोंडावर काम करते आहे. सोपं नाही. माझं तोंड मूळचंच असं आहे की साधा विचार करत असले तरी लेक विचारते, "आई, काय झालं चिडायला?" परवा तिने गणितात कमी मार्क पडल्याचं सांगितलं. सांगायच्या आधी तिनेही बघितलंच. मी निदान पहिली दहा सेकंदं काही बोलले नाही. पुढचं मी सांगत नाही. :)

ढब्बू आता म्हातारा झालाय. तोंडावरचे केस पांढरे झालेत, जिने चढताना मध्ये थांबतो. कोयांची बादली आता ओट्याखाली नसते, झाकणाचा डबा असतो, आणि कोया मोजल्या जातात. हो, मोजल्या जातात. हसा.

आज पहाटे साडेपाचला माझ्या हाताला काहीतरी ओलं, गार लागलं. ढब्बूचं नाक. मी डोळे उघडले. तो पलंगाशी उभा होता, माझ्याकडे बघत. मागच्या गॅलरीचं दार उघडंच होतं, वॉशिंग मशीनमागची फटही तिथेच होती. तो तिकडे गेला नव्हता. त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, दोन पावलं मागे सरला आणि माझ्या चपलांवर उलटी केली.

पिवळा फेस. उपाशीपोटीचं पित्त. दुसरं काही नाही. मी दोनदा बघितलं.

चपला धुऊन गॅलरीत वाळत ठेवल्यात. बाबा विचारत होते, एवढी कशाने खूश आहेस आज?